चूक शोधणारीचे नाव

हिंजवडीत नव्याने उभ्या राहिलेल्या कंपनीतला तो संगणक अभियंता दर रविवारी आमच्या नेरे गावात गणित शिकवायला येई, तो जमिनी हेरण्यासाठी, असे लोक अजूनही सांगतात. ते साफ खोटे आहे. याच संशयावरून गाव त्याचा वर्ग बंद पाडायला निघाले होते, आणि त्याला रंगेहाथ पकडायला मीच मागच्या बाकावर बसत असे.

बाह्या दुमडून तो प्रत्येक पायरीला "पटलं का?" असे विचारी आणि उत्तर आल्याखेरीज पुढे सरकत नसे. एकदा पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचं चुकलंय."

दारातून तिचा बाप ओरडला, "गप ए! सायेब हायेत ते."

"थांबा काका, दाखवू द्या तिला."

तिने दाखवले. त्याने चुकलेली ओळ पुसली नाही; तिच्याभोवती गोल काढून शेजारी मुलीचे नाव लिहिले. म्हणाला, "आमच्या ऑफिसात चूक शोधणाऱ्याचं नाव असंच लिहून ठेवतात."

सोमवारी तो बाप माणसे आणून फळा दाखवत होता, "सायबाची चूक माज्या पोरीनं काडली!"

त्या रविवारपर्यंत वर्ग बंद करा म्हणणाऱ्यांत सर्वांत पुढे तोच बाप होता, हेही लोक सोयीने विसरतात.