उकड्या तांदळाचा रंग

अप्पांचे पाय बधिर होऊ लागले, तेव्हा मी मद्रासच्या कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन मेलकावेरी गावातल्या घरी नुकतीच परतले होते. वहाण पायात आहे की मागे गळून पडली, हे त्यांना कळत नसे. गिरणीत घासून शुभ्र केलेल्या तांदळाशी या विकाराचा संबंध मी अभ्यासला होता. उपाय साधा होता: धान सालासकट उकडून, वाळवून मग कांडलेला तांदूळ खायचा, उकडताना सालातले सत्त्व दाण्यात उतरते.

अडचण सोवळ्याची होती. परक्याच्या हंड्यात एकदा उकडलेला दाणा आमच्या पानात कधी पडला नव्हता.

"मद्रासेस शिकायला गेलीस की बाटायला?" अम्मा म्हणाली.

"अगे, ती सांगते ते शास्त्र आहे. मी खाईन," अप्पांनी निकाल दिला. साऱ्या आप्तांशी भांडून मला कॉलेजात घालणारे तेच होते.

सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात मला मज्जाव होता. उंबऱ्याबाहेरून मी त्यांच्या पानातला, उकड्याचा असतो तसा पिवळसर भात पाहत असे.

"उकडाच ना, अप्पा?"

"उकडाच गे. आता रुचतोही."

दर सोमवारी त्यांच्या गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने ठोका मारून मी निरीक्षण लिहीत असे. पाय उडायला हवा होता. तो हलत नसे. दीड महिन्यानंतर मी प्राध्यापकांना कळवले की उपचाराचा गुण नाही. संशोधनाच्या जागेसाठी माझी हीच नोंद विचारात घेतली जाणार होती.

पत्र टाकून आले त्या दुपारी अप्पांचे उष्टे पान मी उचलले. शितांना उकड्याचा वास नव्हता. पानदानातला चुना बोटाने लावला, तसे शीत लालभडक झाले. हळद!

"अम्मा, भातात हळद कधीपासून?"

"चिमूटभर गे. तुझ्या मनाला बरे वाटावे म्हणून." ती अप्पांकडे पाहू लागली.

"मीच सांगितले," अप्पा म्हणाले. "तो घास गिळवेना. तुला नाही म्हणवेना."

"आणि उकडा तांदूळ?"

"गाईला."

"मग गुडघे गाईचेच तपासायला हवे होते मी!"

अप्पा हसू लागले आणि माझ्याकडे पाहून थांबले. अम्माचा मला राग नव्हता. तिने विश्वास असल्याचे सोंग केले नव्हते. पण दिसेल तेच लिहावे, हे मला शिकवणारा माणूस दर सोमवारी गुडघा पुढे करून मला खोटे लिहू देत होता.

संध्याकाळी दुसरे पत्र लिहिले: आधीची नोंद रद्द समजावी, रुग्णाने उपचार घेतलाच नव्हता. रुग्ण माझा कोण, ते लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी परसात वेगळी चूल मांडून मी स्वतः उकडा शिजवला आणि अप्पांना वाढून समोर बसले. शेवटच्या घासानंतर त्यांनी विचारले, "आता तरी विश्वास बसला?"

"तोंड उघडा, अप्पा."

त्यांनी उघडले.