गौरीपुढची शेकपट्टी

माझ्या बायकोचा उजवा गुडघा आम्ही इंदूरहून बदलून आणला. 'बदलून आणला' म्हटलेलं तिला आवडत नाही. "मी काय स्कूटर आहे का?" म्हणते. पण जन्मभर मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पोरांना मोटरी खोलायला शिकवलं, मला दुसरी भाषा कुठून येणार? एक्स-रे बघून मी डॉक्टरांना म्हणालो, "वाह, क्या फिटिंग है!" डॉक्टर खूश झाले. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गुडघा झकास बसला. फक्त टाक्यांच्या बाहेरच्या अंगाची कातडी बधिर झाली. चिमटा काढला तरी तिला कळायचं नाही. "होता है, धीरे-धीरे ठीक हो जाएगा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही ते विसरूनही गेलो होतो. मग थंडी आली. आमच्या उज्जैनच्या माधवनगरातल्या घराच्या फरशा तेव्हा पाय टेकवू देत नाहीत. बाईसाहेबांनी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, गुडघ्यावर ठेवलं आणि टीव्ही बघता बघता डुलकी घेतली. जागी झाली तेव्हा गुडघ्यावर हा एवढा फोड. दुखलं म्हणाल तर जराही नाही. म्हणूनच तर झाला ना एवढा!

डॉक्टर भडकलेच. "माताजी, हे पिकलं आणि आत उतरलं तर बसवलेला सगळा गुडघा परत काढावा लागेल!" माझी बायको मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. पण त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर गाडीशी उभी राहून ती माझा हात धरून रडली. "अहो, माझंच अंग मला कळत नाही," म्हणाली. फोड सुकला, निभावलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

तर मी ही शेकपट्टी करायला घेतली. बाजारात शेकाच्या पट्ट्या ढिगाने मिळतात, पण त्या सगळ्यांचा भरवसा माणसाच्या कातडीवर. चटका बसला की माणूस पट्टी काढेल, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. ज्याला चटकाच कळत नाही त्याने काय करायचं? मला पट्टी अशी हवी होती की गुडघ्याला जे कळत नाही ते तिने मनगटाला कळवावं, आणि मनगटानेही ऐकलं नाही तर स्वतःच बंद व्हावं. देवास गेटच्या दुकानांतून तारा आणि सुटे भाग आणले, तिथे मिळालं नाही ते इंदूरहून मागवलं. वरचा कपडा भैरवगढचा छापील, हा बायकोचा हट्ट. "अंगावर घ्यायची वस्तू आहे, जरा बरी दिसू दे."

माझा कारखाना म्हणजे जेवणाचं टेबल. एका टोकाला मी, सोल्डरिंगचा धूर काढत, दुसऱ्या टोकाला ती, मेथी निवडत. काम करताना मला मोठ्याने बोलायची सवय आहे. ही तार इकडे का, ती तिकडे का, कालचं का जळलं, सगळं मी बोलून दाखवायचो. ती "हं" म्हणायची. तिचं "हं" म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे लग्नापासून मी गृहीत धरलेलं. विजेचा आणि तिचा संबंध बटण दाबण्यापुरता. एकदा मी विचारलंसुद्धा, "कळतंय का काही?" तर म्हणे, "तुम्ही बोला हो, मला बरं वाटतं."

पट्टी झाली. पहिले काही दिवस मी स्वतःच्या गुडघ्यावर बांधून बघितली, मग तिच्या. उरलेली सगळी थंडी ती निर्धास्त झोपली आणि मीही झोपलो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदूरला पेटंटचं काम करते. तिला सहज फोनवर सांगितलं तर ती उसळलीच. "सर, ये तो फाइल करना चाहिए! पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अर्ज जाईपर्यंत किसी को दिखाना नहीं. एकदा चारचौघांसमोर उघड झालं की ते नवं राहत नाही, मग पेटंट नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं मलाही कळतं. आणि खोटं कशाला बोलू, मला ते पेटंट हवं होतं. फार हवं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू दुरुस्त केल्या. मोटर कुणाची, नाव कुणाचं, स्क्रू मी पिळायचे. रिटायर होताना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळही आठवड्यात बंद पडलं आणि तेही मीच दुरुस्त केलं. जगात एक तरी वस्तू अशी असावी की जिच्या कागदावर माझं नाव असेल, असं या वयात वाटायला लागलं तर काय चुकलं?

बायकोला बजावलं, "बाहेर कुणाला दाखवायची नाही हं." "बरं," म्हणाली.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. चैत्रात गौर बसते, हळदीकुंकू होतं, तिच्यापुढे आरास मांडतात. ते सगळीकडेच. पण आमच्याकडे त्या आरासीत वर्षभरात घरच्या माणसाने हाताने केलेली प्रत्येक नवी वस्तू ठेवतात. विणलेला रुमाल असो, लोणच्याची बरणी असो, पोरीने काढलेलं वेडंवाकडं चित्र असो. गौरीने बघितल्याशिवाय ती वस्तू घरची झाली असं धरत नाहीत. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना घरातून हाकलतात. मी मित्राकडे पत्ते कुटत बसलो. परत आलो तेव्हा आरास उतरवून झाली होती, माझ्या वाट्याला कैरीची डाळ आणि उरलेलं पन्हं. मी खाल्लं, छान झालंय म्हटलं आणि झोपलो.

अर्जाचे कागद पूर्ण करायला ती विद्यार्थिनी एका रविवारी उज्जैनला आली. सकाळी महाकालाचं दर्शन उरकून घरी आली. बायकोने तिला खिचडी वाढली. सगळं, अगदी 'क्लेम' म्हणजे यात नवं काय तो दावासुद्धा, वाचून झाल्यावर तिने सवयीने विचारलं, "सर, किसी ने देखा तो नहीं ना?"

"छे!" मी म्हटलं.

"बाहेर कुणीच नाही," बायको म्हणाली, "फक्त गौरीपुढे ठेवली होती."

मी खुर्चीतून उठलोच. "अगं, मी नको म्हटलं होतं ना!"

"बाहेर दाखवू नको म्हणालात. गौर काय बाहेरची आहे? आणि बायका आपल्याच. सगळं महिला मंडळ आलं होतं. शेजारणीने व्हिडिओ काढला आणि फेसबुकवर टाकला. किती जणींनी बघितला माहीत आहे? थांबा, दाखवतेच."

मी कपाळाला हात लावला. पण ती पोर शांत होती. म्हणाली, "घबराइए मत, सर. नुसती पट्टी दिसली तर बाहेरून कपडाच दिसतो. आत काय आहे, कसं चालतं, हे कुणी नीट सांगितलं नसेल तर अजून वाचवता येईल. मॅडमने काय सांगितलं त्यात?"

हे ऐकून माझ्या जिवात जीव आला. अहो, ही काय सांगणार! फ्यूज आणि होल्डर यातला फरक हिला ठाऊक नाही. मी खुर्चीत टेकून बसलो आणि म्हटलं, "लाव, लाव."

बायकोने हौसेने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. पडद्यावर आमचीच बैठक, गौरीचा झोपाळा, आणि माझी बायको जरीची साडी नेसून हातात पट्टी घेऊन उभी. कुणीतरी म्हणालं, आधी नाव घ्या. ती लाजली आणि एका दमात म्हणाली, "चैत्रातल्या गौरीला पन्ह्याचा नैवेद्य, आमचे हे असता घरी, कशाला हवा वैद्य!" हशा झाला. माझं नाव तिने खणखणीत घेतलं होतं, मी इथे लिहीत नाही इतकंच.

मग ती शिकवायला लागली. हो, शिकवायलाच.

"आता बघा, याच्यात गरमी मोजणारे दोन मणी आहेत. एक माझ्या कातडीला टेकतो, एक आत तापणाऱ्या तारेला. दोघं सारखे एकमेकांशी ताडून बघतात. पट्टी दुमडली, सरकली, की त्यांच्यात फरक पडतो आणि गरम होणं थांबतं."

चूक गं, मी मनात म्हणत होतो. एक तरी चूक.

"माझ्या गुडघ्याला चटका कळत नाही. म्हणून हा मनगटाचा पट्टा थरथरतो. सासू बहिरी असेल तर सुनेला हाक मारायची, तसं. मी पट्ट्याचं बटण दाबलं तर ठीक, नाही दाबलं तर पट्टी समजते की बाई झोपली, आणि स्वतः बंद होते."

"आणि तार तुटली तर?" पडद्यावरच्या एका बाईने विचारलं. हे मी एकदाच बोललो होतो, तेही सोल्डर वितळत असताना, तिच्याकडे पाठ करून.

"तुटली तरी बंदच. हे म्हणतात, बिघडलेल्या वस्तूने गप्प बसावं, काम करत राहू नये."

विद्यार्थिनीने चमचा खाली ठेवला. "सर," ती हळूच म्हणाली, "मॅडमने तो पूरा क्लेम ही पढ़ दिया."

बायको माझ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरची हौस उतरली होती. "काय झालं? काही चुकीचं सांगितलं का मी?"

मग त्या पोरीने तिला सगळं समजावलं. बायको खुर्चीवर बसली.

"म्हणजे मी वेड्यासारखं काहीतरी सांगितलं असतं तर राहिलं असतं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि नीट सांगितलं म्हणून गेलं?"

"हो."

तिचे डोळे भरले आणि ती माझ्यावरच खेकसली, "मग मला एवढं नीट सांगितलंत कशाला?"

मी तिला कुठे सांगितलं होतं? मी त्या टेबलाशी स्वतःशी बडबडत होतो. माझं पेटंट गेलं होतं, पक्कं गेलं होतं, आणि तरी मला रडू येत होतं ते त्यासाठी नव्हतं.

विद्यार्थिनी कागद गोळा करायला लागली. पडद्यावर व्हिडिओ संपला होता. बायकोने रिमोट उचलला, टीव्ही बंद करायला.

"थांब," मी म्हटलं. "परत लाव. पहिल्यापासून. आणि आवाज वाढव जरा."