एडनचा भाडेकरू

खांदा कॉलनीत आमच्याच सोसायटीत माझा एक वरचा फ्लॅट आहे. येमेनमधल्या एडनचा एक विद्यार्थी तिथं भाड्याने राहायचा. त्याच्या शहरात तासन्‌तास वीज नसते, म्हणून तिथल्या पोरी चौकात उतरल्या होत्या आणि त्याची धाकटी बहीण सगळ्यांत पुढे होती. तो मला फोनवर तिचे व्हिडिओ दाखवायचा. मी म्हणायचो, आधी शिकू दे तिला.

एका रविवारी मी त्याला शिरढोणला नेलं. तिथं जन्मलेल्या क्रांतिकारकाला इंग्रजांनी एडनच्याच तुरुंगात मरेपर्यंत ठेवलं, हे मी स्मारकासमोर छाती फुगवून सांगितलं. त्याने स्मारकाभोवती एक फेरी मारली. मग हिंदीत म्हणाला, "अंकल, हा माणूस आज तुमच्याकडे खोली मागायला आला, तर द्याल?"

"हा काय प्रश्न झाला? देणारच."

महिन्याभरात एडनमध्ये धरपकड सुरू झाली. बहिणीच्या दोन मैत्रिणींना घरातून उचललं आणि त्या कुठे आहेत ते कोणी सांगेना. बहीण रोज घर बदलत होती. तो खाली आला आणि दारातूनच म्हणाला, "तिला थोडे दिवस इथं आणू का?"

मी म्हणालो, "सोसायटीत चालत नाही रे. उगाच पोलिसांची चौकशी मागे लागेल."

त्याने नुसती मान हलवली. त्याला नवल वाटलं नाही, हेच मला झोंबलं. आठवड्याने किल्ली देऊन तो एडनला परत गेला. आता त्याचा फोन लागत नाही.

यंदा शिरढोणला हार घालायचा मान मला दिलाय. मी हो म्हणून बसलोय.