टिकल्यांचा नकाशा

काल भिंगारच्या बाजारात लाल टिकल्यांचं पाकीट दिसलं आणि मी मनानं थेट सोनईजवळच्या त्या गावात पोचले. तिथल्या आरोग्य केंद्रात माझी पहिली नोकरी. गावात काविळीची साथ होती. आजाऱ्यांची घरं नकाशावर दाखवायला पिना नव्हत्या, म्हणून नर्सताईंनी पर्समधून टिकल्या काढल्या. मी घर सांगायचे, त्या टिकली डकवायच्या. बघता बघता लाल रांग एकाच पाइपलाइनच्या कडेनं धावत सुटली!

“अगं बाई, पान्यातच हाय की हे!” ताई ओरडल्या. शेवटच्या घरासाठी टिकली उरली नव्हती. त्यांनी कपाळावरची काढून लावली आणि तशाच सरपंचांकडे धावल्या, नळ बंद करायला.

आता आरोग्य धोरणासाठी आकडेवारी तपासताना संगणक क्षणात नकाशा रंगवतो. पण लाल ठिपके उमटले की मला आधी ताईंचं ते मोकळं कपाळ दिसतं.