हुक दोनदा ओढायला लावणारे रशीदभाई

रशीदभाईंची पहिली भेट झाली तेव्हा मी हवेत होतो. वाळूजच्या कारखान्यात नवा इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो होतो. फोर्कलिफ्टवर लाकडी पॅलेट, पॅलेटवर मी, वर छताचा बिघडलेला दिवा. सेफ्टी सुपरवायझर रशीदभाई आले, ओरडले नाहीत. चालक बबनरावांकडून मला हळूच खाली घेतले आणि विचारले, "घरी कोण कोण हाय?"

"आई, बायको, सहा महिन्यांची मुलगी."

"तिघींना इचारून चढला व्हता का?"

राग आला मला, खोटं कशाला बोलू!

पुढे हट्ट धरून त्यांनी फोर्कलिफ्टवर बसवायचा, चारही बाजूंनी कठडा असलेला पिंजरा बनवून घेतला. तो येईपर्यंत असे वर चढणे बंद. मॅनेजर म्हणाले, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे." रशीदभाईंनी फोर्कलिफ्टची किल्ली खिशात घातली. "साहेब, पडायला तेवढीबी लागत नाहीत." चार दिवस त्यांच्याशी कुणी धड बोलले नाही.

पिंजऱ्यासोबत अंगात घालायचे पट्टेही आले. आम्ही शहाणे! पट्टा अंगात, पण दोरीचा हुक पिंजऱ्याला लावायचा सोडून आपल्याच पट्ट्याला. लांबून सगळे ठीक दिसायचे. रशीदभाईंनी ते हेरले आणि नियम केला की, चढणाऱ्याचा हुक चालकाने स्वतः दोनदा ओढून पाहायचा, मगच लिव्हरला हात लावायचा. आम्ही याला 'भाईंची सलामी' म्हणून लई हसायचो.

एके दुपारी घाईत मी पुन्हा हुक स्वतःलाच लावला. बबनरावांनी ओढला, मला एक कचकचीत शिवी हासडली आणि जागेवर लावला. वर गेल्यावर केबल हाताला येईना, म्हणून मी कठड्याच्या मधल्या दांडीवर पाय दिला. पाय सटकला. कठड्याबाहेर लोंबकळत मी खालची फरशी पाहिली. बबनराव सीटवरच होते, त्यांनी अलगद खाली घेतले.

रशीदभाई एका शब्दानेही रागावले नाहीत. गाडीवर बसवून मला चितेगावला घरी सोडले. "याला जरा चक्कर आली," एवढेच सांगितले. मुलीला मांडीवर घेऊन चहा प्यायले. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

आज रशीदभाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, ही मनापासून दुवा.

एक अडचण तेवढी आहे. ती चक्कर नव्हती, हे घरी अजून ठाऊक नाही. मुलगी आता दहावीला आहे. हा अंक हाती पडला की तीच मोठ्याने वाचणार आणि तिघी मिळून माझी हजेरी घेणार. भाई, त्या दिवशी चहाला नक्की या. तिघींना न विचारता चढलो होतो, हे तुमच्यासमोर कबूल करायचे आहे.