लढाईवाल्याची विहीर

आमच्या कॉलमला, म्हणजे लष्कराच्या मदत-तुकडीला, वसई-विरारला निघायचा हुकूम मिळाला, तेव्हा मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये नायब सुभेदार होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पावसाने तिकडे हाहाकार उडवला होता. कंपनी कमांडर मेजर साहेबांनी नकाशा पसरून विचारलं, "इस इलाके को कौन जानता है?" मी हात वर केला. बोळिंजच्या अलीकडे, त्यांच्या पेन्सिलीच्या टोकाखालीच माझं गाव होतं.

सुरुवातीला आम्ही आचोळ्याला होतो. रबरी बोटी सोडायच्या, बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरून माणसं उतरवायची, शाळेत पोचवायची, पुन्हा फिरायचं. जवान ओल्या बुटांनीच झोपायचे. मग नवं काम आलं: पिण्याचं पाणी. नळ बंद, टँकर यायला रस्ता नाही, विहिरी गढूळ. मेजर साहेब म्हणाले, "साब, आपका गाँव है. कुआँ ढूँढो."

शोधायची गरजच नव्हती. पुराच्या वर राहिलेली विहीर आमच्या गावात एकच होती, आमच्या भावकीतल्या कमळावयनींच्या वाडीतली. उंच जोत्याची, काळ्या दगडात बांधलेली, वर लाकडी रहाट. गाव तिला लढाईवाल्याची विहीर म्हणतं. आणि मी, या गावात जन्मलेला माणूस, तिचं पाणी कधी प्यायलो नव्हतो.

याचं कारण पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जातं. माझ्या आजोबांचे चुलत भाऊ दाजी, कमळावयनींचे आजेसासरे, खेचरांच्या पलटणीत भरती होऊन इराकमध्ये बसऱ्याला गेले. समुद्र ओलांडला, आणि पलटणीच्या लंगरमध्ये सगळ्या जातींच्या माणसांबरोबर एका भांड्यातलं जेवले. तो काळच उलथापालथीचा होता. गावची पोरं मुंबईला गिरणीत जात होती, हॉटेलात चहा पीत होती, आणि सुटीवर आली की पंच त्यांना विचारत, कपाला हात कोणाचा लागला होता? पोरं मान खाली घालून दंड भरत आणि मोकळी होत. दाजींनी मान खाली घातली नाही. पंचांनी प्रायश्चित्त सांगितलं, गावजेवण सांगितलं. दाजी म्हणाले, मी चोरी केलेली नाही. मग लढाईच्या पगारातून त्यांनी विहीर बांधली आणि ज्या लोकांना गावाच्या विहिरीवर चढू देत नसत, त्यांना पहिलं पाणी भरू दिलं. गावाने त्यांना वाळीत टाकलं. पंचांमध्ये माझे आजोबा होते. त्यांनी देवीसमोर शपथ घातली की आपल्या घरात ते पाणी येणार नाही.

पुढे वाळीत टाकणं वगैरे सगळं बंद झालं. लग्नात जाणं-येणं सुरू झालं. पाणी मात्र आलं नाही. कोणी विचारलं तर म्हातारे म्हणत, "पानी बरं नाय तिथलं." आमच्याकडे हे वाक्य पाण्याबद्दल नसतं, एवढं मला लहानपणापासून कळत होतं.

आम्ही विहिरीवर पंप बसवला. पाणी तपासायची पेटी उघडली, ब्लीचिंग पावडर किती लागेल ते काढलं. नायक सुभाष कदम माझ्या हाताखाली होता. सातारा बाजूचा, मितभाषी, कामाला वाघ. त्याने वायरलेसवर कळवलं, "चार्ली फॉर चार्ली वन. वॉटर ओके. ओव्हर." संध्याकाळपर्यंत नव्या बिल्डिंगवाल्यांनी कॅनच्या रांगा लावल्या. त्यांना दाजी कोण, पंच कोण, काही देणंघेणं नव्हतं. आमच्या जुन्या आळीतून एकही घागर आली नाही.

सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता. कडवट वास येत होता. सुभाष वाकून बघत म्हणाला, "साहेब, कोणीतरी काहीतरी टाकलंय."

माझ्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला: भाऊकाका. माझे थोरले चुलते, आजोबांच्या शपथेचे राखणदार. आदल्या दिवशी ते माडीच्या खिडकीतून आमच्या पंपाकडे टक लावून बघत होते. मी विहिरीवर पहाऱ्याला संत्री उभा केला आणि सुभाषला घेऊन आळीत गेलो. आळी अरुंद, बोट शिरत नव्हती. छातीभर पाण्यातून चालत गेलो. आमच्या आधी अफवा पोचली होती. प्रत्येक खिडकीतून तेच: "बगा, पानी नासलंच ना!" लोक पत्र्यावरून गळणारं पाणी पीत होते, काही तर पुराचंच गाळून.

मी खालूनच ओरडलो, "काका, विहिरीत काय टाकलं?"

काका खिडकीत आले. "मी? अरे, तुजी काकी आत मरायला टेकलीय, आनि तू माज्यावर आळ घेतोस?"

आम्ही वर गेलो. काकी चटईवर पडली होती. उलट्या आणि जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिला तसं बघून माझा राग कुठच्या कुठे गेला आणि भीती वाटू लागली. आमच्या मेडिकलवाल्याने वायरलेसवर सांगितलं, साफ पाणी, त्यात साखर-मीठ, घोट घोट, लगेच. साफ पाणी फक्त एका ठिकाणी होतं, आणि त्यावर तवंग.

तेवढ्यात वायरलेसवर संत्रीचा निरोप आला: वाडीची बाई काही सांगते आहे. त्याच्या मागून वायरलेसवरच कमळावयनींचा आवाज आला, रडवेला. "भावजी, ते तेल माजंच. तुमचा पंप बंद पडला तर रहाट पायजे म्हनून मी पहाटे कन्याला करंजेल घातलं. जुना रहाट, सगळं तेल खाली गळलं. मला काय ठावं असं होईल!"

करंजेल, करंजाचं कडवट तेल. आमच्या वाड्यांमध्ये रहाटाच्या कण्याला तेच घालतात, तिला दुसरं काही सुचणारच नव्हतं. मी काकांकडे बघू शकलो नाही.

सुभाषने वाट बघितली नाही. विहिरीवर परतला, तवंग फडक्याने टिपून घेतला, नळीचं तोंड खोल सोडून पाणी काढलं, पुन्हा तपासलं. मग जेरीकॅन डोक्यावर घेऊन आळीतून आला. काका जिन्यात आडवे उभे राहिले.

"त्या विहिरीचं?"

"हो, बाबा."

"तू कोनापैकी?"

"इंजिनिअर रेजिमेंटपैकी," सुभाष म्हणाला. त्याने मगमध्ये पाणी ओतलं, काकांसमोर उभ्या उभ्या पिऊन टाकलं, कॅन पायरीवर ठेवला आणि रिकामा मग त्यांच्या हातात दिला. "आजीला द्या. मी अजून एक कॅन आणतो. संपूर्ण आळीला लागेल."

काका मग धरून उभे होते. आतून काकी म्हणाली, "आना ते हितं. शपथ तुमच्या बापानं घातली. तहान मला लागलीय." माझ्या आयुष्यात काकी नवऱ्यासमोर इतक्या जोरात बोललेली मी तेव्हाच ऐकली. काकांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हाताने पाणी पाजलं; स्वतः मात्र थेंबही घेतला नाही. हळूहळू शेजारच्या खिडक्यांतून तांबे बाहेर आले.

सुभाष दुसरा कॅन घेऊन येत होता. आळीच्या तोंडाशी एक तार पाण्यात पडलेली होती. लाइन बंद असल्याचं आम्हाला सांगितलं होतं, आम्ही सकाळी तिथूनच गेलो होतो. मधल्या वेळात शेजारच्या कुठल्याशा बिल्डिंगने स्वतःचा जनरेटर सुरू केला आणि करंट उलटा त्या तारेत आला. चौकशीत एवढंच निघालं. जनरेटर कोणी चालू केला ते कोणीच कबूल केलं नाही, आणि माझा त्या चौकशीवर आजही विश्वास नाही. मी खिडकीतून बघत होतो. सुभाष ओरडलाही नाही. कॅन त्याच्या डोक्यावरून घसरला आणि पाण्यावर तरंगू लागला. वायरलेसवर माझा आवाज फुटला: "मॅन डाऊन. मॅन डाऊन."

काकी वाचली. सुभाषला तिरंग्यात गुंडाळून त्याच्या गावी नेलं.

दहाव्याला मी निघालो तेव्हा भाऊकाका धोतर नेसून दारात तयार होते. हातात बंद तांब्या. "मी येतो," म्हणाले. रस्ताभर तो तांब्या मांडीवर धरून बसले. सुभाषच्या गावच्या नदीवर विधी चालू होते. त्याचे वडील आमच्याकडे आले. उन्हाने रापलेला शेतकरी माणूस. त्यांनी एकच विचारलं, "कुणासाठी पाणी नेत होता माझा पोरगा?"

माझ्याआधी काकाच म्हणाले, "माज्या घरासाठी. माजी बायको जगली त्याच्यामुळं." आणि तांब्या पुढे केला. "त्याच विहिरीचं हाय. त्याला हेच द्या."

वडिलांनी तांब्या घेतला. तीळ घालून अर्धं पाणी सुभाषच्या नावाने नदीत सोडलं. उरलेलं तांब्यातच ठेवलं. मग त्यांनी तांब्या काकांकडे परत दिला आणि म्हणाले, "लांबून आलात. घसा कोरडा पडला असेल. प्या."

काकांनी तांब्या दोन्ही हातांत धरला. मग तोंडाला लावला आणि लहान मुलासारखे रडत रडत सगळं पाणी प्यायले.