कुल्फीच्या बर्फातली अँटिबॉडी

मी चौथी शिकलेली, पण अँटिबॉडी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. ती मी हातात धरलेली आहे.

धाकटी लेक नागपूरला संशोधन करायची. फवारणीच्या विषानं माणसाच्या अंगातला डीएनए तुटतो आणि एक प्रथिन तो पुन्हा सांधतं. कापसावर फवारणाऱ्यांच्या रक्तात ते प्रथिन किती असतं, हे तिला बघायचं होतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं ते सशाला टोचलं, तेव्हा सशाच्या रक्तात त्यालाच नेमकी चिकटणारी अँटिबॉडी तयार झाली. ती चिकटली की एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी रेघ उठते. तो ससा पुढं मेला. त्याच्या अँटिबॉडीची राहिलेली एवढीशी कुपी लेकीला मिळाली. तिच्यावरच तिचं सगळं काम अडलेलं.

कुपी थर्माकोलच्या डब्यात घालून ती हैदराबादहून निघाली. मे महिना. रेल्वे हिंगोलीलाच खोळंबली आणि डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलं. तिनं जीप पकडली आणि धापा टाकत कनेरगाव नाक्याला घरी आली. आमच्याकडं फ्रिज नव्हता. नागपूरची एसटी दुपारी. माझा चुलत दीर नाक्यावर कुल्फी विकायचा, आम्ही दोघी तिकडं पळालो. हैदराबादचं अत्तर आणलं काय, असं हसत त्यानं कुपी घेतली आणि आपल्या पेटीत ठेवली.

घरची पोरगी म्हणून त्यानं बर्फात कुल्फीला घालतो त्याहून जास्त मीठ घातलं; मिठानं बर्फ आणखी गार होतो. एसटीच्या वेळेला कुपी काढली, तर आतलं पाणी दगड झालेलं. लेक रडायलाच लागली.

दीर म्हणाला, "कुल्फीवानी जमलं की. आता काहून रडून राहिली?"

"काका, गार ठेवायचं होतं. गोठवायचं न्हवतं."

गोठली की ती बिघडू शकते, मग चिकटत नाही, हे तिनं सांगितलं तेव्हा त्याचं हसू गेलं. बिनमिठाचा बर्फ त्यानंच डब्यात भरला. एसटी आली. भाकरी तुमच्या तुमी करा, असं घरी कळवून मीही चढले. एवढी रडणारी पोरगी डबा एसटीतच विसरली असती.

प्रयोगशाळेत तिनं फवारणाऱ्यांच्या रक्तातली प्रथिनं एका पातळ पापुद्र्यावर उतरवली आणि पापुद्रा दुधाच्या पावडरीच्या पाण्यात बुडवला. दूध कशाला, मी विचारलं. रिकामी जागा दुधानं भरली की अँटिबॉडी भलतीकडं चिकटत नाही, म्हणाली. मला हे फार आवडलं. मग तिनं कुपीतला थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत गेलो, तिनं पापुद्रा फिल्मवर दाबून ठेवला, मग फिल्म धुवायला घेतली. लाल दिवा, औषधाचा उग्र वास. ती ट्रे हलवत होती. फिल्म कोरीच.

"गेली, आई," ती म्हणाली.

"थांब जरा. हलव."

मग एक करडी रेघ उमटली. तिच्या शेजारी दुसरी, जाड. मग तिसरी. प्रत्येक माणसाची वेगळी, पण सगळ्या एका ओळीत, म्हणजे अँटिबॉडी अजून नेमकी चिकटत होती. लेकीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की काचेची बांगडी फुटली. एरवी मी चार शब्द ऐकवले असते. तेव्हा मी ट्रेवरून नजर हलवली नाही. रेघा अजून काळ्या होत होत्या.